ट्रामाडोलची सवय घरच्या घरी सोडवता येईल का? (सोलापूर)

सुईदोरा:
बायको युनिफॉर्म शिवते, दिवसाचे दहा तास मशीनवर. कंबरदुखीसाठी सुरू झालेली ट्रामाडोल-पॅरासिटामॉलची गोळी (37.5 अधिक 325) दीड वर्षात रोज 12 वर गेली आहे. वेळ चुकली की जांभया, गळणारं नाक, पायात वळवळ, रात्रभर येरझाऱ्या. आता तिलाच सोडायची आहे. आठवडाभर सुट्टी टाकून घरीच बंद केली तर चालेल का? मी नेमकं काय करायचं? त्यात एप्रिलचं ऊन, आणि आईला अजून काहीच माहीत नाही.

रात्रपाळी:
दादा, आठवड्यात बंद करायचा बेत आधी सोडा. हिशेब बघा. 12 गोळ्या म्हणजे ट्रामाडोल 450 मिलिग्रॅम. दिवसाची कमाल मर्यादा 400, आणि त्यापुढे फिट येण्याचा धोका वाढत जातो. त्याच 12 गोळ्यांतून पॅरासिटामॉल 3900 मिलिग्रॅम पोटात जातंय. अंग तापलं म्हणून वरून एक 650 ची घेतली की चार ग्रॅम ओलांडलेच. म्हणून लिव्हरची तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्या.

ट्रामाडोल अफूच्या घराण्यातलं तर आहेच, शिवाय मेंदूतल्या सेरोटोनिनवरही काम करतं. त्यामुळे अचानक तोडलं की नेहमीच्या त्रासावर भीतीचे झटके, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं, क्वचित भास असंही होतं. घरचे याला 'बाहेरचं' समजतात आणि भलतीकडे नेतात.

सिव्हिलच्या (छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय) मानसोपचार ओपीडीत दोघं जा. रिकाम्या स्ट्रिपा सोबत न्या आणि आकडा खरा सांगा. लाजेपोटी बाराच्या सहा सांगितल्या की डोस चुकीचा बसतो आणि चौथ्या दिवशी माणूस परत मेडिकलात. फिट, दारू, झोपेच्या गोळ्या, नैराश्याचं औषध, यातलं काहीही असेल तर न विचारता सांगा.

आणखी एक, जाण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट करा. या औषधांनी पाळी लांबते, त्यामुळे दिवस गेल्याचं लक्षात येत नाही. गरोदरपणात एकदम बंद करणं धोक्याचं, तिथे उपचाराची रीतच वेगळी.

सुईदोरा:
पोलिसांची भानगड होईल का? ट्रामाडोल एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थांच्या कायद्यात) आहे असं ऐकलं.

रात्रपाळी:
2018 पासून आहे. पण त्याच कायद्याचं कलम 64अ स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या प्रकरणात खटल्यापासून संरक्षण देतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयताही दिली आहे. बिनधास्त जा.

जुळेसोलापूरकर:
घरातलं मी सांगतो. डॉक्टर बहुधा दोनपैकी एक रस्ता घेतील. पहिला, गोळ्या हळूहळू उतरवणं. एका वेळी साधारण दहा टक्के, म्हणजे बारातली एक. खालच्या आकड्यांवर आल्यावर तीच एक गोळी जड जाते, तिथे घाई नको. गोळ्या तुमच्याकडे, रोजच्या डबीत मोजून. उरलेला साठा कुलपात. मात्र हे तिच्या संमतीनं ठरवा. पर्स उचकणं सुरू झालं की ती लपवायला शिकते.

दुसरा रस्ता ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी, म्हणजे ट्रामाडोलच्या जागी देतात ते अफूच्याच घराण्यातलं उपचाराचं औषध. ही साध्या मेडिकलात मिळत नाही, उपचार केंद्रातूनच देतात. त्रास नीट सुरू झाल्यावरच पहिली घ्यायची, शेवटच्या ट्रामाडोलनंतर किमान 12 तासांनी. लवकर घेतली तर तासाभरात सगळा त्रास एकदम उसळतो आणि लोक म्हणतात गोळीच वाईट. आधी घोटभर पाण्यानं तोंड ओलं करायचं, गोळी जिभेखाली, पूर्ण विरघळेपर्यंत बोलणं नाही, चहा नाही. गिळली तर फारशी लागू पडत नाही. विरघळल्यावर चूळ भरा, ब्रश तासाभरानं. नाहीतर दात किडतात.

त्रास 12 ते 24 तासांत सुरू होतो, दुसरा ते चौथा दिवस वाईट, आठ-दहा दिवसांत शरीर सावरतं. झोप आणि मन मात्र कित्येक आठवडे घेतात. जुलाब-घाम आणि वर आपल्याकडचं 42 अंश, म्हणून पाण्याला पहिला मान. ओआरएसचं मोठं पाकीट (21 ग्रॅम) बरोबर एका लिटरमध्ये, 24 तासांनी उरलेलं ओता. नळाला रोज पाणी नसतं, तर चादरी आणि कपडे धुण्यापुरतं आधीच भरून ठेवा. खायला ज्वारीची अंबील, पेज, मऊ खिचडी थोडीथोडी; कडक भाकरी-शेंगाचटणीला आठवडा थांबा. घाम आणि धडधडीसाठी क्लोनिडीन दिलं तर बीपी मोजूनच. वरचा आकडा 90 च्या खाली असेल तर गोळी न देता डॉक्टरांना फोन करा. बाथरूमला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसवा.

शेजारणीकडची अल्प्राझोलाम झोपेसाठी अजिबात नको, श्वास मंदावतो.

फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, 108 लावा. तोंडात चमचा नाही, हातात किल्ल्यांचा जुडगा नाही, कांदा नाही.

सुईदोरा:
ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे एक सोडून दुसरं नाही का? आणि आईला काय सांगू?

रात्रपाळी:
शरीर तिच्यावरही अवलंबून राहतं, हे खरं. पण नशेचे चढउतार थांबतात, तलफ दबते आणि माणूस कामावर जातो. घाईनं तोडली की घसरण्याची शक्यता जास्त. तारीख डॉक्टरांना ठरवू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोळ्या सुटल्यावर दोन-तीन आठवड्यांतच शरीराची सहनशक्ती उतरते. त्यानंतर एखाद्या वाईट रात्री 'पूर्वीच्या' 12 गोळ्या एकदम घेतल्या तर जीव जाऊ शकतो. त्याच्या खुणा: हाका मारूनही उठत नाही, श्वास संथ किंवा घोरल्यासारखा, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. 108, कुशीवर, श्वास थांबला तर तोंडानं द्या. काय आणि किती घेतलं ते सांगा. नॅलोक्सोनचं (अफूच्या औषधांचा असर उतरवणारं) इंजेक्शन त्यांना त्यावरूनच सुचतं. म्हणून आकडा उतरला की कुलपातला जादा साठा ओपीडीत परत द्या.

कंबर तशीच राहिली तर सगळं परत फिरणार. फिजिओथेरपीची चिठ्ठी त्याच दिवशी मागा, मशीनचं स्टूल पाठ टेकेल असं करा, दर पाऊण तासाला उठणं. तुम्हाला एकट्याला झेपेनासं झालं तर 14446 (नशामुक्ती) किंवा 14416 (टेलिमानस) लावा, रात्रीही चालतं.

आईंना सांगा, कंबरेच्या औषधाची सवय लागली होती, डॉक्टर ते बदलून देतायत. खोटंही नाही, आणि अंबील करायला त्यांच्याइतकं हक्काचं कोण?