भाऊ पहाटे फोनच्या रिंगने दचकून गेला, आता मला लाँग क्यूटी निघालंय, बाळाचं कसं करावं?

खानापूरची_लेक
नमस्कार, थोडं लांबण लागेल. चार वर्षांमागं धाकटा भाऊ पहाटे फोन वाजला म्हणून दचकून उठला नि तिथंच पडला, सव्वीसचं वय, ना बीपी ना शुगर. अटॅक म्हणून सगळे गप्प बसले. मी पण कॉलेजात असल्यापासून दोन-तीनदा पडलेय, एकदा अलार्म वाजला आणि हातपाय वाकडे झाले, घरच्यांनी नाकाला कांदा लावला, मग फिट म्हणून तीन वर्षं गोळ्या खाल्ल्या पण ईसीजी कुणी काढलाच नाही. आता आयव्हीएफसाठी (टेस्ट ट्यूब बेबी) भुलेआधीचा म्हणून ईसीजी काढला तर क्यूटीसी, म्हणजे ठोक्यात हृदयाची वीज पूर्वपदावर यायचा वेळ, ४९८ मिलिसेकंद, लांबलेला! यालाच लाँग क्यूटी म्हणतात, घराण्यात उतरतं. हार्टच्या डॉक्टरांनी गोळी चालू केली, जीन टेस्टला रक्त गेलंय. गर्भ तपासून घेता येतो म्हणतात. माझं बीजच खराब आहे काय? आणि अंडी काढायला माझं हृदय टिकेल काय?

मिरजेची_लॅबवाली
ताई, बीज खराब वगैरे मनातून काढा आधी. मी आयव्हीएफ लॅबमध्येच काम करते. तुमच्या प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, बहुतेक लाँग क्यूटीत त्यातली एकच बिघडलेली असते, आणि अंड्यात त्या दोनातली एकच जाते, म्हणून साधारण निम्मी अंडी बिघाडाशिवायची निघतात. पण कुठली ते अंड्याकडं बघून कळत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या, म्हणजे पुढं वार होणाऱ्या भागातल्या, मोजक्या पेशी काढून तपासतात. तुमचा नेमका बदल रिपोर्टात सापडला तरच हे जमतं, तोवर थांबा. मुलगा-मुलगी मात्र कुणी सांगणार नाही, १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे. आमच्या क्षेत्रातलं मला फार भारी वाटतं ते वेगळंच, २००६ ला जपानच्या यामानाका या शास्त्रज्ञांनी उंदराच्या साध्या पेशी मूळपेशींसारख्या, म्हणजे कुठल्याही अवयवाच्या पेशी होऊ शकतील अशा, करून दाखवल्या, त्याच वाटेनं आता पेशंटच्या कातडीतल्या पेशींपासून हृदयाच्या पेशी बनवतात, त्या बशीत धडधडतात आणि लाँग क्यूटीवाल्यांच्या पेशींना तिथंही ठोक्यानंतर पूर्वपदावर यायला जास्त वेळ लागतो. कुठलं औषध त्रास देईल ते त्यांच्यावर बघता येतं.

निपाणीची_आई
मला लाँग क्यूटीचा टाइप २ आहे (शुगरचा नव्हे), आवाजानं दचकून पडायचं तेच माझं. मुलगी अडीच वर्षांची आहे, नैसर्गिक राहिली, तिला पण आहे आणि ती बिटा ब्लॉकरवर, म्हणजे या आजारात देतात त्या हृदयाच्या औषधावर, मस्त खेळते. गर्भात असताना मला फार त्रास नव्हता पण टाइप २ वाल्यांना बाळंतपणानंतरचे नऊ महिने जास्त धोक्याचे असतात आणि नेमकी तेव्हाच झोप मोडते, तेव्हा गोळी एक दिवस पण चुकवू नका, दिवस राहिले म्हणून कुणी बंद करा म्हटलं तरी हार्टवाल्यांना विचारल्याशिवाय बंद नाही. उलटीवर ऑनडॅनसेट्रॉन सर्रास देतात, ते क्यूटी लांबवतं, डॉमपेरिडॉन, ॲझिथ्रोमायसिन पण. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवते आणि मेडिकलवाल्यापुढं धरते. उलट्या-जुलाबानं पोटॅशियम उतरलं तरी धोका वाढतो. अंडी काढायच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हार्टवाल्यांशी बोलायलाच लावा, आणि शॉकचं मशीन खोलीत पाहिजे म्हणून सांगा, लाजू नका.

चिकोडी_मास्तर
बहिणी, भावाचं वाचून वाईट वाटलं. हृदय बंद पडलं की सुरुवातीला काही वेळा झटके येतात म्हणून लोकांना फिट वाटते. हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट नाही, नुसतं धापल्यासारखं करतोय, तर कांदा-चप्पल हुंगवत बसायचं नाही. एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खाली जाईल असं दाबत राहायचं. शॉकला उशीर होईल तशी दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि आमच्या खेड्यात गाडी यायलाच किती वेळ जातो बघा की. घरातल्या प्रत्येकानं शिकून घ्या.

खानापूरची_लेक
सगळ्यांचं वाचून रडले. आईचा ईसीजी कधीच काढलेला नाही हो, आता लक्षात आलं, ती पण लग्नाच्या मांडवात पडली होती म्हणतात. मंगळवारी तिला घेऊन बेळगावला जातोय, धाकट्या काकांच्या पोरांना पण बोलावलंय. नवऱ्यानं काल रात्री उशीवर दाबायची प्रॅक्टिस केली, मी मोबाईलवर मिनिट लावलं होतं, पहिल्यांदा नव्वदच झाले, मग एकशे आठ. अलार्म काढून टाकलाय, सकाळी तेच मला हळूच उठवतात. जीन रिपोर्ट आला की इथंच टाकते.