कॉर्डलेस माइक: चारही लावले की तिसरा तडतडतो (बडोदा)

सूरसागरकाठचा:
नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात आमचं लहानसं मंडळ आहे. गणपतीत कीर्तन, बायकांचं भजन, मुलांची नाटुकली, सगळं एकाच हॉलात. आवाजाचं खातं माझ्याकडे, कारण एका वर्षी ॲम्प्लिफायरचा फ्यूज मी बदलला होता. तेवढ्या भांडवलावर सहा वर्षं काढली.

यंदा वर्गणीतून चार कॉर्डलेस घेतले: दोन हातातले, एक कॉलर, एक हेडसेट. मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो, आकडे ओळीत असले की बरं वाटतं. म्हणून चौघांना 606, 607, 608, 609 मेगाहर्ट्झ अशा फ्रिक्वेन्सी लावल्या आणि प्रत्येक रिसीव्हरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं. एकेक माइक चालवला तर आवाज गोड. चारही सुरू केले की तिसऱ्यात, म्हणजे नेमका बुवांच्या कॉलर माइकमध्ये, गरम तेलात पाणी पडावं तसा तडतडाट. भजनात दोघीजणी हातातले माइक घेऊन खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या की हमखास. परवा तर तिसऱ्याचे सेलच काढून ठेवले होते, तरी त्याच्या रिसीव्हरचा, सिग्नल मिळाला की लागणारा, हिरवा दिवा लुकलुकत होता!

दुसरं प्रकरण अब्रूचं. रविवारी बुवा तालमीला आले होते. अभंग झाला, निरूपणाला त्यांनी श्वास घेतला आणि आमच्या स्पीकरमधून आवाज आला, "एक, बे, त्रण, चेक, चेक." मागच्या मैदानात गरब्याची तालीम चालते. बुवा शांतपणे म्हणाले, "पांडुरंगा, आता चारही म्हण."

सेट परत पाठवू का? अजून आठ दिवस मुदत आहे.

तबलजी_कारेलीबाग:
सेल तपासा आधी. चार्जिंगचे असतील तर ते 1.2 व्होल्टचे, साध्या 1.5 च्या हिशोबाने बनवलेला माइक लवकर मान टाकतो. आमच्याकडे ऐन आरतीत हेच झालं होतं.

जुना_साउंडवाला:
सेल नसताना दिवा लागतोय म्हटल्यावर सेलचा काय दोष? सेटही परत पाठवू नका. चूक चिकटपट्टीवर लिहिलेली आहे.

607 ची दुप्पट 1214, त्यातून 606 वजा करा. किती आले? 608. दोन ट्रान्समीटर, म्हणजे लहर सोडणारे माइक, अगदी जवळ आले की एकाची लहर दुसऱ्याच्या सर्किटात शिरते आणि ही तिसरी फ्रिक्वेन्सी तयार होते. इंटरमॉड्युलेशन म्हणतात याला, आम्ही भूत म्हणतो. तुमच्या दोन भजनवाल्या मिळून बुवांच्या जागी भूत बसवत होत्या. 608 आणि 607 घेऊन तोच हिशोब करा, 609 येतं. सारख्या अंतरावर लावाल तर हे होणारच.

606, 607, 610, 612 लावून बघा. आता कोणत्याही दोघांमधलं अंतर काढा: 1, 2, 3, 4, 5, 6. एकही आकडा दोनदा येत नाही, त्यामुळे भुताला बसायला जागा नाही. गणिताचा कंटाळा असेल तर बहुतेक रिसीव्हरच्या मेन्यूत ग्रुप आणि चॅनल असतात. चारही रिसीव्हर एकाच ग्रुपमध्ये ठेवून चॅनल वेगवेगळे घ्या, हा हिशोब बनवणाऱ्याने करून ठेवलेला असतो.

गरब्याचं म्हणाल तर तुमचा एखादा माइक बंद होता, पण मिक्सरवर त्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर राहिला होता. रिकाम्या खुर्चीत कोणीही येऊन बसतो. तालीम सुरू असताना आपले चारही माइक बंद ठेवून रिसीव्हर चालू करा. ज्याचा दिवा लागेल ती फ्रिक्वेन्सी त्यांची. आणि सरळ जाऊन भेटा त्यांच्या साउंडवाल्याला, आकडे विचारा. बडोद्यात नवरात्र तोंडावर आली की प्रत्येक मैदानात दहा-बारा माइक हवेत असतात, भांडून काय मिळणार?

एक राहिलं. रिसीव्हर कुठे ठेवलेत ते लिहिलं नाहीत. पैज लावतो, स्टेजखाली लोखंडी कपाटात.

सूरसागरकाठचा:
कपाट नाही, पेटी. पण लोखंडी. जिंकलात. सकाळी रिकाम्या हॉलात मात्र त्यातूनही छान चालतं हो.

जुना_साउंडवाला:
सकाळी हॉल रिकामा असतो. संध्याकाळी तिथे दोनशे माणसं असतात, आणि माणूस म्हणजे पाण्याची पिशवी, ही लहर पिऊन टाकतो. लोखंडी पेटीही लहर अडवते. रिसीव्हर बाहेर काढा, स्टेजच्या बाजूला डोक्याच्या वर ठेवा, दोन्ही ॲन्टेना इंग्रजी व्ही सारख्या फाकवा. माइकवरून ॲन्टेना दिसली पाहिजे. पण माइकच्या फार जवळही नको, दहा फूट तरी सोडा. एलईडीची भिंत लावणार असाल तर तिच्यापासून लांब.

पेटीवाली_ताई:
मी कीर्तनात पेटीची साथ करते, म्हणून बोलते. बुवांना कॉलर माइक देऊ नका. तो चहूकडचं ऐकतो, माझी पेटी, तबला, झांज, सगळं. बुवांचा आवाज वाढवायला गेलात की शिट्टी. शिवाय उपरणं घासतं ते वेगळंच. हेडसेट त्यांना द्या, कॉलर निवेदन करणाऱ्या मुलीला. आणि कमरेच्या डबीतून लोंबणारी वीतभर तार आमच्या बुवांनी गुंडाळून धोतरात खोचली होती! तीच ॲन्टेना. मोकळी सोडायला सांगा.

सूरसागरकाठचा:
काल सगळं केलं. 606 वर गरबावाले निघाले, म्हणून माझी पूर्ण ओळच चार मेगाहर्ट्झ वर सरकवली: 610, 611, 614, 616. अंतरं तीच राहिली ना? त्यांचा पोरगा भला आहे. सेव उसळ खाता खाता त्याने स्वतःचे आकडे दाखवले, सहाच्या सहा ओळीने! त्याला 607 ची वजाबाकी शिकवून आलो.

भजनवाल्या चिकटून उभ्या करून पाहिल्या, तिसऱ्याचा दिवा लागला नाही. हेडसेट बघून बुवा म्हणाले, "मी काय गरबा गाणार आहे?" पण घातला. मग त्यांना बोलत बोलत हॉलभर फिरवलं. तिसऱ्या खांबाशी दोन पावलं आवाज अजून तुटतो. तिथे खडूने फुली मारून ठेवलीय.