हृदयावरणाची झडप: ‘कचरा’ म्हणणाऱ्यांसाठी

पाकळी: गाईच्या हृदयाभोवतीच्या पटलापासून, म्हणजे हृदयावरणापासून, माणसाच्या हृदयासाठी झडप बनवतात. त्यावर सरळमार्गींनी काल लिहिलं, “कत्तलखान्यात फेकायचं हृदयावरण धुवायचं, केमिकलात बुडवायचं, शिवायचं आणि सोन्याच्या भावाने विकायचं.” या कामात बरीच वर्षं काढलीत म्हणून राहवत नाही. जनावर कुठल्या कळपातलं, वय काय, इथपासून नोंद लागते, कारण ज्या केमिकलात पटल बुडवतो त्या ग्लुटाराल्डिहाइडने प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) निष्प्रभ होत नाहीत. मग चरबी हाताने सोलायची, पटल उजेडावर धरून बघायचं. रक्तवाहिनीची ठळक खूण दिसली की तेवढा भाग बाद. जाडी जागोजागी वेगळी, कोलाजेनच्या (पटलाला बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या) धाग्यांची दिशाही वेगळी, आणि त्यातून झडपेच्या तीन पाकळ्या अशा निवडायच्या की तिन्ही सारख्याच वाकतील. टाके हाताने. पैसा तिथे जातो, साहेब.

सरळमार्गी: निबंध छान. पण ज्या ग्लुटाराल्डिहाइडने टिकवता तेच कॅल्शियम ओढतं ना? पाकळ्यांचा दगड होतो. ते सोयीस्कर गाळलंत.

पाकळी: गाळलं नाही, तुम्ही तिथवर पोचाल असं वाटलं नव्हतं. त्याआधी फॉर्मॅलिन वापरायचे, त्या झडपा लवकर निकामी व्हायच्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच सर्जन कार्पेंटिए यांनी ग्लुटाराल्डिहाइड आणलं म्हणून ऊतक टिकायला लागलं. आता कॅल्शियम ओढणारे त्या केमिकलचे मोकळे अल्डिहाइड गट झाकतात, अल्कोहोलने फॉस्फोलिपिड (पेशींतले स्निग्ध पदार्थ) काढतात. कॅल्शियम थांबत नाही, लांबतं.

टिकटिक: तुमचं चालू द्या. माझ्यात धातूची आहे. रात्री सगळं शांत झालं की छातीतून टिकटिक ऐकू येते, शेजारी झोपलेल्यालासुद्धा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जन्मभर वॉरफरिनची गोळी. दाढ काढायची म्हटलं तरी आधी आयएनआर, म्हणजे रक्त किती लवकर गोठतं याची तपासणी. कचरा का असेना, मला तोच हवा होता.

दुसऱ्यांदा: मग माझ्या भावाशी बोला. तिशीतच ऊतकाची, म्हणजे जनावराच्या पटलाची, झडप बसवली, कॅल्शियम साचलं, छाती पुन्हा उघडली. गोळी परवडली असती.

टिकटिक: “गोळी परवडली असती” हे गोळी न घेणाराच म्हणतो.

दुसऱ्यांदा: आणि “कचरा हवा होता” हे दुसऱ्यांदा छाती न उघडलेला!

तिरकस: दोघेही जिवंत आहात म्हणून भांडताय, हे लक्षात असू द्या. आता झडपेत झडप बसवतात, छाती न उघडता. २००२ मध्ये फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ क्रिबिए यांनी नळीने महाधमनीची पहिली झडप बसवली, तिच्या पाकळ्याही गाईच्या हृदयावरणाच्याच.

दुसऱ्यांदा: प्रत्येकाला जमत नाही ते. आधीची झडप लहान असेल तर आत दुसरी मावणार कुठे? आम्हाला हेच उत्तर मिळालं.

सरळमार्गी: मूळ मुद्दा राहिला. माझ्या वडिलांना कुठल्या प्राण्याचं ते कुणी सांगितलंच नाही. डिस्चार्जच्या कागदावर वाचलं. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, जणू मीच शिवलं होतं.

पाकळी: हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढं टाइप केलं नसतं. सही घेण्याआधी सांगायलाच हवं, त्यात वाद नाही. ‘कचरा’ मागे घ्या.

सरळमार्गी: ‘कचरा’ मागे. ‘सोन्याचा भाव’ राहील.