घुशीसाठी डांबरगोळ्या नकोत, जाळी लावा

डांबरगोळ्या बिळात टाकल्या तर बागेतली घूस जाते का? जात नाही. फार तर शेजारी दुसरं बीळ काढते. मिरचीपूड, फिनेल यांचीही तीच गत.

आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये काळी माती भेगाळून दगडासारखी होते. रोज पाणी मिळणारी मऊ जमीन फक्त आपल्या बागेत, मग घूस येणारच. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसतो तो तिचाच. संध्याकाळी सगळी तोंडं मातीने बुजवा. सकाळी जे उकरलेलं दिसेल ते चालू बीळ. पिंजरा तिथेच, भिंतीला लावून ठेवा. आत भजं किंवा शेंगाचटणी लावलेला भाकरीचा तुकडा. पहिले दोन-तीन दिवस दार बांधून उघडंच ठेवा, कारण घूस नव्या वस्तूला बिचकते.

नवीन रोप लावताना मात्र खड्ड्यातच अर्ध्या इंची वेल्डमेशची (तारा वेल्ड केलेल्या चौकोनी जाळीची) टोपली करून बसवा, काठ जमिनीवर चार बोटं राहू द्या. जाळी गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा मुलामा दिलेली) घ्या. कोंबड्यांची षटकोनी जाळी स्वस्त पडते, पण तिची तार बारीक, घूस ती कुरतडते. मोठ्या झाडाला टोपली घट्ट बसवू नका, मुळं अडकतात. त्यापेक्षा वाफ्याभोवती दीड-दोन फूट खोल जाळी पुरा आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवा.

झिंक फॉस्फाईड हे उंदीर-घुशींचं विष घराच्या बागेत नकोच. गल्लीतली कुत्री-मांजरं जिवानिशी जातात. आणि हो, रात्री खरकटं बाहेर ठेवू नका.