मदत हवी आहे: साडीचा फोटो बदलला, साइटवर जुनाच दिसतो

मंडळी, नमस्कार. बेळगावात वडगावला मामांचं साड्यांचं दुकान आहे, त्यांची साधी वेबसाइट मी बघतो. गणपतीसाठी नवा माल आला म्हणून पहिल्या पानावरचा फोटो बदलला. फाइलचं नाव मात्र तेच ठेवलं. तिथंच माती खाल्ली बहुतेक.

माझ्या लॅपटॉपवर कंट्रोल धरून एफ-५ दाबलं की नवी साडी येते. मामांच्या मोबाइलवर अजून जुनी हिरवीच. परवा निपाणीहून एक ताई ती हिरवी मागत आल्या, आणि ती तर कधीच विकली गेलीय! मामा म्हणाले, "बदललंस की नुसतं सांगतोस रे?"

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क उघडून बघितलं. त्या फोटोच्या हेडरमध्ये (सर्व्हर फाइलसोबत धाडतो त्या सूचनांत) कॅश-कंट्रोल, मॅक्स-एज ३१५३६०००, म्हणजे ब्राउझरनं साठवलेली प्रत (कॅश) इतके सेकंद चालवायची. सेकंदांचा हिशेब केला तर अख्खं वर्ष! सर्व्हरवर फाइल नवीच आहे, उतरवून खात्री केली. सीडीएनची, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणाऱ्या सर्व्हरांची, कॅशही पर्ज केली (पुसली).

फोटोच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन 'व्ही=२' जोडलं की मोबाइलवरही नवा फोटो दिसतो. पण शंभरेक फोटोंना हातानं कोण जोडत बसणार? साइट पीएचपी भाषेत लिहिलीय. फाइल बदलल्याची वेळ पत्त्याला आपोआप चिकटवावी, की दरवेळी नावच बदलावं?

आणि मॅक्स-एज आता एका दिवसावर आणलं, तरी ज्यांच्या मोबाइलात जुना फोटो वर्षाच्या मुदतीनं आधीच बसलाय त्यांचं काय? 'कॅश पुसा' म्हणून गिऱ्हाइकांच्या दारोदारी जायची पाळी येऊ नये म्हणजे झालं.