तुळशीची कटिंग्ज मातीत गेली की मरतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
शिकागोजवळ अपार्टमेंटमध्ये राहते. रात्री पारा ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली गेला की बाल्कनीतली तुळस काळवंडायला लागते. मोठी कुंडी आत घ्यायला जागा नाही, म्हणून कटिंग्जवर भिस्त.

पाण्यात मुळं छान फुटतात. मंजिरी न आलेला चार-पाच इंचांचा शेंडा पेराच्या जरा खाली कापते, खालची पानं काढते, पाणी एक दिवसाआड बदलते. अडचण पुढेच आहे. मातीत लावलं की आठवडाभरात रोप मान टाकतं. उपटून पाहिलं तर मातीलगतचं देठ काळं, चिमटीत धरलं की साल सुटून येते. कुंडीवर बारीक चिलटं. खिडकी दक्षिणेची आहे, पण तिच्याच खाली हीटरची जाळी. शिवाय आई आली आहे. आंघोळ झाली की ती तुळशीला पाणी घालतेच, आणि तिला नको म्हणणं माझ्याच्याने होत नाही.

पानओव्याचं विचारत नाही, तो निर्लज्ज आहे, फांदी खोचली की जगतो. पुदिना बाहेरच सुकू देते, वसंतात मुळांतून परत येतो. प्रश्न फक्त तुळशीचा. मे महिन्यापर्यंत कशी टिकवू?

प्रतिसाद:
देठकूज आहे ही. माती सतत ओली राहतेय. मुळं इंचभर झाली की लगेच लावा, जास्त लांबू देऊ नका. कुंडी चहाच्या कपाएवढी, तळाला भोक हवंच. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) निम्मं-निम्मं. वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. चिलटांची अंडी ओल्या मातीतच असतात आणि अळ्या कोवळी मुळं खातात, त्यामुळे ती पण आपोआप कमी होतील. पिवळे चिकट कागद लावा. हीटरपासून लांब ठेवा, कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड येते. तिकडचा हिवाळ्यातला उजेड पुरणार नाही, ग्रो लाइट, म्हणजे रोपांसाठीचा दिवा, बारा-चौदा तास लागेल. मंजिरी दिसली की खुडा.

प्रतिसाद:
आईंच्या हातात तांब्याऐवजी पळी द्या. देवघराजवळ एकच रोप ठेवा, तेही जरा मोठं झालेलं. बाकीची दुसऱ्या खोलीत.

धागाकर्ती:
पळीचं आईला पटलं! ग्रो लाइट किती उंचीवर टांगायचा?