गल्ला लोकांची चित्रं, पण गल्ला कोणाचा भरतोय?

भटक्या_सातारकर: मागच्या महिन्यात चार्ल्स्टनला जाऊन आलो, साउथ कॅरोलिनात. तिथल्या समुद्रकाठच्या बेटांवर गल्ला-गीची लोक राहतात (आपला दुकानातला गल्ला नव्हे). भातशेतीसाठी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज, बेटांवर बाजूला पडले म्हणून भाषा, जेवण, टोपल्या असं बरंच टिकलं. आता शहरात जिकडे बघाल तिकडे त्यांची चित्रं, दोरीवर फडफडणारे कपडे, पांढऱ्या झग्यातल्या बायका, मगवर काय, हॉटेलच्या लॉबीत काय. आणि खुद्द बेटांवर? त्यातल्या हिल्टन हेड बेटाला १९५६ मध्ये पूल झाला आणि मागोमाग गोल्फ कोर्स आले, गेटवाल्या कॉलन्या आल्या, मूळची माणसं हटत गेली. माझं मत, चित्रांनी वारसा वगैरे काही जपला जात नाही, टुरिस्टांची हौस भागते. झोडा आता.

निळी_शाई: मग चित्रकाराने ब्रश टाकून गोल्फ कोर्सवर धरणं धरायचं का? ती कपड्यांची चित्रं ज्याच्यामुळे गाजली तो जोनाथन ग्रीन तिथलाच आहे, १९५५ चा जन्म, गाव गार्डन्स कॉर्नर, आजीकडे वाढला, शिकागोत आर्ट शिकला आणि परत हेच गाव रंगवत बसला. ज्यांच्या बोलीला लोक मोडकंतोडकं इंग्रजी म्हणून हसायचे त्यांचं रोजचं जगणं त्याने भिंतीवर ऐटीत लावलं, हे कमी आहे का?

भटक्या_सातारकर: ऐट आहे, मान्य. पण त्याच्या बऱ्याच चित्रांत माणसांना नाकडोळेच नाहीत! कपडे झकास, माणूस गायब. कोणाच्याही सोफ्यावर शोभेल असं.

निळी_शाई: मला उलट वाटतं, चेहरा कोरा म्हणून बघणाऱ्याला तिथे आपली आजी दिसते.

तात्या_अटलांटा: दोघंही सॅम डॉइलला विसरलात. सेंट हेलेना बेटावरचा माणूस, १९०६ ते १९८५. छपराचे जुने पत्रे घ्यायचा, घराला लावायचा रंग घ्यायचा आणि बेटावरचीच माणसं रंगवून अंगणात मांडायचा, सुईण, डॉक्टर, जडीबुटीवाला मांत्रिक डॉ. बझर्ड. शेजारीपाजारी येऊन बघणार आणि आपल्याच माणसाला ओळखणार, याला म्हणतात जपणं. १९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची कामं गेली, आता पत्रे म्युझियमांत आहेत. चांगलंच झालं म्हणा, अंगणात गंजलेच असते, पण बेटावरच्या पोराला आपला मांत्रिक बघायला तिकीट काढावं लागतं.

कोकणकन्या: चित्रांचं तुमचं चालू द्या, मी टोपल्यांवर बोलते. माउंट प्लेझंटला हायवे १७ च्या कडेला लाकडी टपऱ्या आहेत, तिथे एका मावशींजवळ अर्धा तास उभी होते. हातात चमच्याचा दांडा, टोक घासलेलं. गवताची जुडी गोल गोल फिरवायची, दांड्याने आधीच्या वेढ्यात भोक पाडायचं, त्यातून पामेटोच्या (तिथलं ताडासारखं झाड) पानाची पट्टी ओवायची आणि घट्ट ओढायची, की परत पुढचं भोक. मध्येमध्ये पाइनची सुईसारखी पानं घालून तपकिरी पट्टा. वास ताज्या पेंढ्यासारखा. पूर्वी याच पद्धतीने भात पाखडायच्या टोपल्या व्हायच्या, म्हणजे आपलं सूपच की! आता हीच आर्ट, मेरी जॅक्सन या टोपल्या विणणाऱ्या बाईंना २००८ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, अमेरिकेतला मोठा मान. पण मावशींची तक्रार वेगळीच, गवत कुठून आणायचं? जिथे उगवायचं तिथे बंगले झाले, आत जायला गेटवर विचारावं लागतं.

भटक्या_सातारकर: हेच तर म्हणतोय मी पहिल्यापासून!!

निळी_शाई: नाही हो, तुम्ही म्हणालात चित्रांनी काही होत नाही. टोपलीला आर्ट म्हटलं म्हणूनच तिला आज भाव आहे, नाहीतर प्लॅस्टिकने कधीच खाल्ली असती. वारलीचं बघा, लग्नाच्या चौकातून कागदावर आली म्हणून जिव्या सोमा म्हशे जगाला कळले.

तात्या_अटलांटा: कळले, आणि वारली कुर्ते आज कोण छापतंय? असो. तिकडचं खरं दुखणं जमिनीचं आहे. मृत्युपत्र नाही, आजोबांच्या नावची जमीन सगळ्या वारसांची सामाईक, म्हणजे सातबाऱ्यावर सतरा नावं. लांबच्या एकाने आपला हिस्सा बिल्डरला विकला की बिल्डर कोर्टात जाऊन अख्खी जमीन विकायला लावू शकतो. यावर कुठला ब्रश चालणार?

कोकणकन्या: भटक्या, ते सगळं राहू दे, तू तिकडून आणलंस काय? टोपली?

भटक्या_सातारकर: टोपली ३०० डॉलरला होती हो. मॅग्नेट आणला. फ्रिजवर आहे, हसू नका.